वरच्या अंगाला धरण, खालच्या अंगाला गाव: कोकणातल्या दगडी भरावाच्या धरणांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरणाखालच्या वाड्यांतली माणसं ग्रामसभेत, एसटीच्या थांब्यावर आणि जुलैच्या रात्री फोनवर जे विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आपल्याकडे धरणाच्या भिंतीबद्दल खूप बोललं जातं, पण त्याच्या मागे जुलैत किती जागा रिकामी आहे, हे फारसं कोणी विचारत नाही. गाव वाचायचं तर ते आधी विचारायला हवं.

दगडी भरावाचं धरण म्हणजे नेमकं काय?

यात चुना, सिमेंट लावून दगड चिणलेले नसतात. खाणीतून सुरुंग लावून काढलेला काळा दगड थराथराने पसरतात, त्यावर पाणी मारतात आणि कंप देणाऱ्या रोलरने दाबत जातात. असे थर चढत चढत बांध उभा राहतो. त्याला दोन्ही बाजूंना ऐसपैस उतार असतो, त्यामुळे पायथ्याची रुंदी माथ्याच्या कितीतरी पट असते.

दगडाच्या भरावाचं काम वजन देण्याचं. पाणी तो अडवत नाही, ते त्यातून आरपार जाईल. अडवण्यासाठी एकतर मधोमध चिकणमातीचा गाभा घालतात, त्याला साइटवर सगळे हार्टिंग म्हणतात, किंवा पाण्याच्या बाजूच्या उतारावर काँक्रीटचा पडदा ओततात. गाभ्याच्या दोन्ही अंगांना ठरावीक जाडीच्या वाळूचे आणि खडीचे थर येतात. ही गाळणी. गाभ्यातून पाझरणारं पाणी तिच्यातून पुढे जातं, मातीचा कण मात्र मागेच अडतो. बांधून झाल्यावर ती कोणाला दिसत नाही, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, आणि काम घाईत उरकायचं असेल तर पहिली हेळसांड तिचीच होते. धरणाचं आयुष्य मात्र त्या वाळूवर अवलंबून असतं.

कोकणात दगडच का वापरायचा?

कारण तो हाताशी आहे. सांडवा, म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट, खोदताना निघालेला बेसॉल्ट तिथल्या तिथे भरावात जातो. गाभ्याला लागणारी चांगली चिकणमाती मात्र आपल्याकडे कमी. जांभ्यावरची लाल माती पाणी धरत नाही, हे आंब्याचं कलम लावणाऱ्याला वेगळं सांगायला नको. शिवाय मातीचा थर दाबताना ओल अगदी बेताची लागते. ऑक्टोबर ते मे एवढेच महिने काम करता येतं आणि वळवाचा एक पाऊस आला तरी चार दिवस वाया जातात. दगडाला ओलीचं एवढं वावडं नाही.

तरीही एक लक्षात ठेवा: महाराष्ट्रातली बहुतेक धरणं मातीच्या भरावाची आहेत, आणि कोकणही त्याला अपवाद नाही. दोडामार्गातलं, गोव्याबरोबर भागीदारीत बांधलेलं तिलारीचं मुख्य धरण मातीचं आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या विहार तलावाचे बांध मातीचे, आणि तो १८६० पासून वापरात आहे. अशा धरणांनाही पाण्याच्या बाजूने दगडाचं पिचिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचं अस्तर, आणि खालच्या पायथ्याशी दगडांची पट्टी, म्हणजे रॉक टो, असते. म्हणून खालची उत्तरं दगडी भरावाला लागू आहेत तशी मातीच्या भरावालाही आहेत. फरक असेल तिथे सांगितला आहे.

एवढा पाऊस पडतो, मग धरण हवंच कशाला?

कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, आंबोलीला त्याच्या दुपटीच्या पुढे. आणि तरीही एप्रिल उजाडला की वरच्या वाड्यांवर टँकर सुरू होतात. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांत अंतर थोडं, उतार तीव्र. सड्यावरचा कातळ पाणी मुरू देत नाही. जांभ्यात मुरलं तर ते झऱ्यांवाटे दिवाळीपर्यंत निघून जातं. चार महिन्यांत पडलेलं पाणी आठ महिने पुरवायचं, तर ते कुठेतरी अडवून ठेवावंच लागतं.

आपल्याकडे हे नवीन नाही. मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव सोळाव्या शतकातला आहे, आणि २०२० साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला.

पिण्यासाठी धरण भरलेलं हवं, पुरासाठी रिकामं. दोन्ही एकाच धरणाने कसं व्हायचं?

हाच खरा प्रश्न आहे, म्हणून जरा आकडेमोड करू.

समजा, वीस दशलक्ष घनमीटर, म्हणजे वीस दलघमी उपयुक्त साठ्याचं मध्यम धरण आहे आणि त्याचं पाणलोट क्षेत्र ५० चौरस किलोमीटर आहे. जुलैतल्या एखाद्या दिवशी २०० मिलिमीटर पाऊस झाला. कोकणात ही काही अचाट गोष्ट नाही. तेवढ्या क्षेत्रावर १० दलघमी पाणी पडलं. जमीन आधीच तुडुंब भिजलेली असल्यामुळे त्यातलं आठ दलघमी तरी वाहून येणार. ते सहा तासांत आलं, तर सरासरी येवा, म्हणजे धरणात येणारा प्रवाह, तेरा हजार क्युसेकच्या आसपास जातो. धरणात सहा दलघमी जागा रिकामी असेल तर यातला बहुतेक पूर तिथेच थांबतो. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर त्यातला फार मोठा भाग खाली उतरतो.

आता पिण्याचं पाणी बघा. लाभक्षेत्रात पन्नास हजार माणसं धरा. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या हिशेबाने ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत लागतात साधारण ०.६६ दलघमी. शहरी मापाने, म्हणजे १३५ लिटरने मोजलं तरी दीड दलघमीच्या थोडं वर. बाष्पीभवन, पाइपातली गळती, गुरंढोरं आणि पुढच्या पावसाला उशीर होण्याची धास्ती धरून हे दुप्पट-अडीचपट करा. तरी आकडा चार दलघमीच्या फारसा पुढे जात नाही.

म्हणजे पिण्याचं पाणी आणि पूरसंरक्षण यांचं भांडण आपण समजतो तेवढं मोठं नाही. जुलैत धरण भरून ठेवायची घाई बहुतेक वेळा पिण्याच्या पाण्यासाठी नसते. ती असते उद्योगांच्या आरक्षणासाठी, दूरच्या शहरांच्या मागणीसाठी, आणि 'धरण शंभर टक्के भरलं' या बातमीसाठी. त्या गरजा खोट्या आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांची किंमत खालच्या वाडीने पुराच्या रूपात मोजायची असेल, तर ते वाडीला आधी सांगायला हवं. माझं स्पष्ट मत आहे की कोकणात जिथे दरवाजे आहेत तिथे जुलै आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात जागा रिकामी ठेवावी आणि धरण गणपतीच्या सुमारास भरत न्यावं. धोका एकच, सप्टेंबर कोरडा जाण्याचा. म्हणून पिण्यापुरता साठा जूनअखेरच बाजूला धरायचा आणि त्याला हात लावायचा नाही.

हे सगळं कागदावर असतं. कोणत्या तारखेला जलाशयाची पातळी किती ठेवायची याची जलाशय परिचलन सूची मंजूर झालेली असते, कार्यालयात तिला आरओएस म्हणतात. ती मे महिन्याच्या ग्रामसभेत वाचून दाखवायला सांगा. नाही म्हणाले तर माहितीच्या अधिकारात मागा.

आमच्या धरणाला दरवाजेच नाहीत. मग 'पाणी सोडलं' म्हणजे कोणी सोडलं?

कोणीच नाही. कोकणातल्या कितीतरी लघु प्रकल्पांना विनाद्वार सांडवा आहे. पातळी सांडव्याच्या माथ्यावर गेली की पाणी आपसूक वाहू लागतं. तिथे जाऊन 'दरवाजे बंद करा' म्हणण्यात अर्थ नाही.

अशा धरणाचा पुराला उपयोग होतो, पण मर्यादित. पहिल्यांदा भरेपर्यंत ते सगळं पोटात घेतं. भरल्यावरही थोडी मदत करतं, कारण पाणी सांडव्याच्या माथ्यावर मीटरभर चढायचं तर अख्ख्या जलाशयाला मीटरभर चढावं लागतं. जलाशय दोन चौरस किलोमीटरचा असेल तर त्यात दोन दलघमी मावतं. पुराचं टोक थोडं बोथट होतं, थोडं उशिरा येतं. नदीकाठच्या माणसाला तेवढ्या वेळात गुरं सोडता येतात. पण जुलैच्या मध्याला भरून वाहणाऱ्या विनाद्वार धरणाला पूरसंरक्षक म्हणून मिरवू नये.

चिपळूणचा पूर धरणामुळे आला का?

२२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ बुडाली, तेव्हापासून हा प्रश्न कोकणभर विचारला जातो. वाशिष्ठीचं गणित इतर नद्यांपेक्षा वेगळं आहे. कोयनेचं पाणी वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडी धरणात येतं आणि तिथून पुन्हा वीज काढून वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे घाटमाथ्यापलीकडचं पाणीही याच नदीत उतरतं. उन्हाळ्यात तिला पाणी असतं ते त्यामुळेच. पुराच्या रात्री कोळकेवाडीतून किती पाणी कधी आलं, यावर मोठा वाद झाला.

वाद बाजूला ठेवला तरी चार गोष्टी एकाच वेळी घडल्या होत्या, हे कोणी नाकारत नाही: सह्याद्रीच्या माथ्यावर अतोनात पाऊस, गाळाने उथळ झालेलं पात्र, भरतीची वेळ, आणि लोकांपर्यंत धड न पोचलेली सूचना. यातल्या गाळाबाबत पुढे काही झालं ते चिपळूणकर उपोषणाला बसले म्हणून. धरणाचं व्यवस्थापन निर्दोष असतं तरी उथळ वाशिष्ठीने एवढं पाणी पात्रात ठेवलं नसतं. उलट पात्र खोल असतं तरी सूचना न देता केलेला विसर्ग क्षम्य ठरत नाही.

भरतीचा आणि धरणाचा काय संबंध?

देशावरच्या माणसाला हे लवकर पटत नाही. कोकणातल्या नद्या खाडीला मिळतात, आणि भरती असताना खाडीचं तोंड जवळपास बंद होतं. वरून आलेलं पाणी तुंबून गावात शिरतं. तोच विसर्ग ओहोटीला मिळाला तर मुकाट समुद्रात जातो. दरवाजे असलेल्या धरणावर ही वेळ सांभाळता येते, धरणापासून खाडीपर्यंत पाणी पोचायला किती तास लागतात तेवढं माहीत हवं.

पाण्याची वेळ काढायचा दर्यावर्दींचा जुना हिशेब अजूनही कामाचा आहे: तिथीची पाऊणपट करा, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढेमागे. जागेनुसार थोडा फरक पडतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पावसाचा जोर असेल तर नदीकाठच्या घरांनी त्या रात्री वरच्या मजल्यावर किंवा नातेवाइकांकडे झोपावं.

टीएमसी, दलघमी, क्युसेक... काय काय लक्षात ठेवायचं?

टीएमसी आणि दलघमी ही साठ्याची मापं. एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, म्हणजे २८.३ दलघमी. क्युसेक हे वाहत्या पाण्याचं माप, दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. बातमीत क्युमेक, म्हणजे दर सेकंदाला एक घनमीटर, असेल तर क्युसेकसाठी ३५ ने गुणा. गावाला उपयोगी पडेल असं माप एकच: किती क्युसेकला आपल्या पुलावर पाणी येतं. तो आकडा पुलाच्या खांबावर रंगवून घ्या.

धरणाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसतं. धरण फुटणार का?

भरावाचं प्रत्येक धरण झिरपतं. झिरपलंच नाही तर उलट चौकशी करावी. बघायच्या गोष्टी तीन: पाणी किती, त्याचा रंग काय, आणि ते कुठून येतं.

किती, हे मोजायची सोय पायथ्याच्या चारीत असते. सगळं झिरपलेलं पाणी एका चारीत आणून पत्र्याच्या किंवा पोलादी पाटीवरून सोडतात, त्या पाटीला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच असते. शेजारी मोजपट्टी. चौकीदार रोज वाकून खाचेतल्या पाण्याची उंची वहीत लिहितो. नव्वद अंशांच्या खाचेत पाणी दहा सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली तर प्रवाह दुप्पट होत नाही, साडेपाच पटींच्या वर जातो. म्हणून वहीतला दोन-तीन सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक मानू नये. जलाशयाची पातळी तीच असताना खाचेतली उंची वाढत असेल, तर आत काहीतरी बदललं आहे. खाच शेवाळाने बुजलेली आणि वहीत महिनाभर एकच आकडा, असंही मी पाहिलं आहे. तेव्हा धरणाची भीती वाटत नाही, त्या वहीची वाटते.

रंगासाठी काचेची बाटली पुरे. चारीतलं पाणी भरा, अर्धा तास बाजूला ठेवा, तळ बघा. स्वच्छ पाणी झिरपत असेल तर गाळणी आपलं काम करते आहे. तळाला बारीक मातीचा थर बसला तर गाभ्यातली माती वाहून निघाली आहे. आतल्या आत नळी पडत जाते, आणि अशी नळी काही तासांतसुद्धा बांध पोखरू शकते.

तिसरं, जागा. चारीतून येणारं पाणी अपेक्षित आहे. पण खालच्या उतारावर मध्येच ओल धरली, तिथलंच गवत मे महिन्यात हिरवंगार राहिलं, पायथ्यापलीकडच्या शेतात वाळू उसळवत पाणी वर येऊ लागलं, किंवा माथ्यावरचा रस्ता एका ठिकाणी खचला, तर वाट न बघता कळवायचं.

खेकडे धरण पोखरतात हे खरं का?

खेकडे, घुशी बिळं करतात, उतारावर वाढलेल्या झाडांची मुळं कुजून वाटा तयार होतात, हे खरं आहे. म्हणूनच दर वर्षी बांधावरची झुडपं काढायची आणि बिळं बुजवायची असतात. दगडी भरावात बिळांचा त्रास कमी, मातीच्या बांधात जास्त.

पण २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून जास्त माणसं गेली, आणि त्यानंतर खेकड्यांकडे बोट दाखवलं गेलं. ते मला तेव्हा सहन झालं नाही आणि आजही होत नाही. गळतीच्या तक्रारी गावाने आधी केल्या होत्या. देखभाल होत असलेलं धरण खेकड्यांनी फुटत नाही. बिळ दिसलं आणि बुजवलं गेलं नाही, तर जबाबदारी बुजवणाऱ्याची.

धरण सुरक्षा कायदा २०२१ साली आला. पंधरा मीटरपेक्षा उंच धरणं त्यात येतात, काही अटींवर दहा ते पंधरा मीटरची सुद्धा. पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी त्यात बंधनकारक आहे, आणि संकटकाळासाठी कृती आराखडाही. तपासणीच्या दिवशी गावातली दोन-चार जाणती माणसं बरोबर फिरावीत. ओल कुठे धरते हे गुराख्याला अभियंत्याच्या आधी कळतं.

भूकंपात दगडी भराव टिकतो का?

काँक्रीटपेक्षा तो जास्त लवचीक. हादऱ्याने थोडा बसतो, पण भिंतीसारखा चिरत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या काँक्रीट धरणाला भेगा पडल्या, नंतर ते मजबूत केलं गेलं. भारतातलं सर्वांत उंच, २६०.५ मीटरचं टिहरी धरण हिमालयाच्या भूकंपप्रवण भागात आहे आणि ते माती-दगडाच्या भरावाचं आहे.

मग अशा धरणाचं सगळ्यात मोठं वैर कशाशी?

माथ्यावरून वाहणाऱ्या पाण्याशी. काँक्रीटच्या धरणावरून पाणी गेलं तर ते बहुधा तग धरतं. भरावावरून गेलं तर खालचा उतार धुपत जातो, गाभा उघडा पडतो आणि खेळ संपतो. म्हणून सांडवा मोठ्यात मोठ्या पुराला पुरेल असाच बांधावा लागतो. साठा ६० दलघमीपेक्षा जास्त किंवा पाण्याची उंची ३० मीटरपेक्षा जास्त असेल, तर त्या पाणलोटात शक्य असलेला कमाल पूर धरून सांडवा बांधावा, असं भारतीय मानक सांगतं. सांडव्यावर मासे पकडायला जाळी, लाकडाचे ओंडके, फळ्या लावून अर्धा मीटर जास्त पाणी अडवायची हौस, यातलं काहीही चालवून घेऊ नका.

जूनमध्ये नळाला लालसर पाणी येतं आणि मे महिन्यात वास. प्यावं का?

जूनचा लालसरपणा पहिल्या लोंढ्याबरोबर आलेल्या मातीचा. तुरटीने आणि गाळणीने तो जातो, शुद्धीकरण केंद्र नीट चालत असेल तर. मे महिन्यातला वास तळाच्या पाण्याचा असतो. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, खालचं थंड राहतं, दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू संपतो, आणि गाळातलं लोह, मँगनीज पाण्यात उतरतं. पाणी उचलायच्या विहिरीला वेगवेगळ्या उंचीवर झडपा असतात, त्या वेळी वरची झडप उघडायची. कर्मचाऱ्याला कोणी सांगितलेलंच नसतं, म्हणून वर्षानुवर्षं खालचीच उघडी राहते. नळाच्या शेवटच्या टोकाला दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. तो तपासायचं किट ग्रामपंचायतीत असतं. शंका असेल तोवर उकळून प्या.

नदीकाठी घर बांधायचं आहे. निळी रेषा, लाल रेषा म्हणजे काय?

साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. निळ्याच्या आत बांधू नका. दोन्हींच्या मध्ये बांधायचंच असेल तर जोतं लाल रेषेच्या वर काढा. वरच्या अंगाला धरण झालं म्हणून या रेषा पुसल्या जात नाहीत. 'आता धरण आहे' म्हणत पात्रात भराव घालणारे मी पाहतो तेव्हा काळजी वाटते, कारण रोजचे लहान पूर थांबतात, माणसं खाली सरकतात, आणि मोठा पूर येतो तेव्हा त्याच्या वाटेत पूर्वीपेक्षा जास्त घरं असतात.

ज्यांची घरं बुडाली त्यांचं काय?

ज्या वाडीने देवराई, भातखाचरं आणि पूर्वजांच्या समाध्या पाण्याखाली दिल्या, तिला आपल्याच धरणाचं पाणी नळाने मिळत नाही, अशी उदाहरणं कोकणात शोधावी लागत नाहीत. पुनर्वसन कायद्यात नागरी सुविधा लिहिलेल्या आहेत, पाणीपुरवठा त्यात आहे. धरणाच्या पाण्याचं वाटप ठरताना पहिला नळ पुनर्वसित गावठाणात जावा, अशी मागणी खालच्या गावांनीही करावी. पाणी आपल्याला त्यांच्यामुळे मिळतं आहे.

सांडव्याखाली पावसाळ्यात आंघोळीला जावं का?

नाही. वर पाऊस पडला की काही मिनिटांत पाणी वाढतं, आणि सांडव्याखालच्या भोवऱ्यातून पट्टीचा पोहणाराही बाहेर येत नाही.

रात्री पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं तर कोणाला सांगायचं?

आधी खालच्या वाडीला. देवळातली घंटा, मशिदीतला भोंगा, फोन, जे हाती लागेल ते. मग १०७७ वर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला, लागला नाही तर ११२ वर. धरणाचं नाव, कुठल्या बाजूला पाणी दिसतं, किती वाजता दिसलं, स्वच्छ की गढूळ, एवढं सांगा. तलाठी, पोलीसपाटील आणि पाटबंधारे शाखेतला अभियंता यांचे नंबर वाडीतल्या निदान चार घरांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलेले असू द्या, कारण वादळी रात्री मोबाईलचा टॉवर जातो आणि लँडलाइन एखाद्याच घरात उरलेली असते. खात्री करायला बांधावर चढू नका. म्हातारी माणसं आणि लेकरं आधी वरच्या सड्यावर हलवा, सामान मागाहून. पाणी तपासून 'काही नाही' असं कळलं तरी कोणी तुम्हाला बोल लावणार नाही, आणि लावला तर ग्रामसभेने तुमच्या पाठीशी उभं राहावं.